आम्ही म्हंजे कितीजणं?

आमच्या भागात माणूस एकटा असला तरी "आम्ही"च असतो. निपाणीच्या बाजारात भाजी निवडणारी एकटीदुकटी बाईसुद्धा म्हणणार, "आम्हाला नगं बाबा तुझं किडकं वांगं." बेळगावच्या कचेरीत हेलपाटे घालणारा म्हातारा म्हणणार, "बरं सायेब, आम्ही उद्या येतो." यात तोरा नाही की रुबाब नाही. उलट "मी मी" करणाऱ्यालाच आमच्याकडं लगेच विचारतात, काय रं, शेळी हैस काय?

शेवंताबाईनं तर जन्मात कधी "मी" म्हटलं असेल की नाही, शंकाच आहे. सदलग्याच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. मूळची निपाणीची, बौद्धवाड्यातली. सोळाव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. भीमाप्पा त्याचं नाव. मूल नव्हतं. मग कुणा शहाण्यानं तिला बेळगावला नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं, तिथनं ती सदलग्याला आली आणि तिथंच तिचे केस पिकले. "आम्ही आलोय न्हवं, आता भ्यायाचं न्हाय," असं म्हणत ती बाळंतिणीच्या खोलीत शिरायची, आणि कळा देणाऱ्या पोरीला वाटायचं, सगळा दवाखानाच आलाय बाईबरोबर. कसला दवाखाना! ती आणि तिची पिशवी.

दूधगंगेला पूर आला की पलीकडच्या वस्तीवर जायला काईल काढायची. काईल म्हणजे गूळ शिजवायची भली थोरली कढई. पुरात तीच आमची होडी. शेवंताबाई तिच्यात पिशवी पोटाशी धरून बसायची, दोघं पट्टीचे पोहणारे गडी काईल ढकलायचे, आणि पलीकडनं कुणाच्यातरी लेकीचं ओरडणं ऐकू यायचं. काईल गरगरा फिरायची. पाणी कसं दिसतं हे बघायला सवड कुणाला होती! तेव्हापासनं बाईच्या मनात एक हौस घर करून बसली. एकदा, एकदाच, पाण्यावरनं लांब जायचं, पण पलीकडं कुणी ओरडत नसताना. खऱ्या बोटीतनं. समुद्रातनं.

गावानं तिला मान दिला, उगाच नाही म्हणू नये. पण मानालासुद्धा उंबरा असतो. बाळंतपणाच्या वेळी बाई घराच्या शेवटच्या खोलीपर्यंत, आणि बारशाला अंगणातल्या मांडवापर्यंत. कुणी नवखा भेटला की आधी विचारायचा, "बाई, कुणापैकी तुम्ही?" हा प्रश्न नात्यागोत्याचा नसतो, जातीचा असतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ती ताठ मानेनं सांगायची. समोरचा "बरं, बरं" म्हणायचा आणि आपली तांब्याभांडी जरा अलीकडं घ्यायचा. तिला वाईट वाटायचं, दरवेळी वाटायचं. पण उत्तर द्यायला ती कधी अडखळली नाही.

एक्याऐंशी साली ती रिटायर झाली. निरोपाला डॉक्टर कन्नडात बोलले, पंचायतीचे चेअरमन मराठीत बोलले, आणि दोघंही एकच बोलले, की बाईंना आपलं कुणी नाही असं कुणी समजू नये, सगळं गाव त्यांचंच आहे. टाळ्या झाल्या. शाल दिली, नारळ दिला. मग ते सगळं गाव आपापल्या घरी गेलं. शेवंताबाईनं खोलीचं कुलूप काढलं, नारळ चुलीपाशी ठेवला, आणि तो फोडून कुणाबरोबर खायचा हेच तिला कळेना. एवढी माणसं जन्माला घातली आणि एक खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवायला कुणी नाही! त्या दिवशी तिला एकटेपण असं काही झोंबलं, की सकाळी उठून तिनं तो नारळ शेजारच्या जयाबाईला देऊन टाकला आणि सांगितलं, "आम्ही मुंबईला चाललोय. पणजीसनं बोटीतनं."

"आगं बया! काईलीतनं एवढं हिंडलासा, अजून हौस फिटली न्हाय व्हय?" जयाबाई म्हणाली. "आणि मुंबैत कोण हाय तुमचं?"

"हाय एकजण."

कुणी नव्हतं. मुंबईत उतरायचं, धक्क्यावर चहा प्यायचा आणि दुसऱ्या बोटीनं माघारी यायचं, एवढाच बेत. पण असा बेत आमच्याकडं सांगता येतो का? माणूस कुणाकडंतरी जातो. नुसताच जातो म्हटलं की लोक डोक्याला लिंबू चोळायला धावतात.

बोट पणजीहून सकाळी सुटायची, म्हणजे आदली रात्र पणजीत काढणं आलं. दवाखान्यातला कंपाउंडर परशराम एकदा मेव्हण्याच्या लग्नाला गोव्यात जाऊन आला होता, आणि तेव्हापासून गोवा त्याच्या बापाचाच होता. तो म्हणाला, "बाई, आधी हॉटेल ठरवा."

"हॉटेल काय ठरवायचं रं? भूक लागली की दिसंल त्यात शिरायचं."

"तसलं न्हवं ओ! निजायचं हॉटेल."

"हॉटेलात निजत्यात?" सदलग्यात हॉटेल म्हणजे भजी, कटवडा आणि काळाकुट्ट बाकडा. तिथं निजायचं म्हणजे भट्टीपाशी!

परशराम पोट धरून हसला. मग त्यानं तीन जागा सांगितल्या. एक स्टँडाजवळ, पण तिथं ढेकूण फुकट. एक बाजारात, खाली खानावळ, वर खोल्या. आणि एक धक्क्याच्या अंगाला, नदीवर. पाणी कुठलं चांगलं, गाद्या कुठल्या मऊ, सगळं तो रंगवून सांगत होता. बाईनं एकच विचारलं, "खिडकीतनं बोट कुठनं दिसती?"

"धक्क्याजवळच्यातनं."

"मग आम्ही तिथंच."

झालं, ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक गोष्ट केवळ आवडली म्हणून निवडली होती. जायच्या दिवसापर्यंत ती त्या खिडकीतच बसून होती म्हणा ना.

बेळगावहून गाडी अनमोडाचा घाट उतरून दुपार कलल्यावर पणजीत पोचली. शेवंताबाईनं तिकीट काढलं, पदरात बांधलं, आणि विचारत विचारत धक्क्याजवळचं लॉज गाठलं. काउंटरवर जाड चष्म्याचा मॅनेजर होता.

"आम्हाला एक खोली पायजे. आजच्या रातीला. बोट दिसणारी."

"मिळेल की," मॅनेजर म्हणाला. त्यानं चावी दिली, वर दोन खाटांची खोली दाखवली, पाण्याचा तांब्या आणि दोन पेले ठेवायला लावले. शेवंताबाईनं धावत जाऊन खिडकी उघडली. समोर मांडवी, आणि धक्क्याला लागलेली ती पांढरी बोट. केवढी थोरली! सदलग्याची सगळी पेठ मावली असती तिच्यात. तिचा ऊर भरून आला. "आगं आई गं," असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि ते कुणाला दाखवावं म्हणून मागं वळली. मागं दोन खाटा होत्या.

तेवढ्यात मॅनेजर वर आला. "बाई, बाकीची मंडळी कुठं आहेत? नावं लिहायचीत."

"बाकीची कोण?"

"तुम्ही म्हणालात ना, आम्हाला खोली पाहिजे."

"व्हय की. आम्हालाच."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"आम्ही म्हंजे आम्ही. ही काय, समोर उभी हाय न्हवं!"

मॅनेजरचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "राग मानू नका, पण एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही. मागं एक बाई अशीच एकटी येऊन राहिली, सकाळी नदीत सापडली. पोलिसांनी मालकाला वर्षभर हेलपाटे घालायला लावले. तेव्हापासून बंदच केलंय."

"आहो, आम्ही नर्स हाय! आम्ही माणसं जगवतो, मरायला कशाला येऊ?"

"तीही चांगल्या घरातलीच होती, बाई. कुणाला तरी बरोबर आणा. भाऊ, पुतण्या, कुणीही. खोली ठेवतो तुमच्यासाठी."

कुणीही! असं म्हणाला, जणू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. शेवंताबाईनं खिडकी आपल्या हातानं बंद केली, पिशवी उचलली आणि जिना उतरली.

बाजारातल्या लॉजात तिनं शहाणपणानं आधीच सांगितलं, "एकटीच हाय." तो माणूस पुढचं ऐकायलाही थांबला नाही. स्टँडाजवळचा, तो ढेकणांचा धनी, त्यानं तर वरनं खालनं न्याहाळून विचारलं, "एकटी? घरात भांडण करून आलाय काय?" शेवंताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भांडायला घरात माणूस लागतंय, बाबा," ती म्हणाली आणि बाहेर पडली. बाहेर पडल्यावर आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं.

दिवस बुडायला आला होता. स्टँडावर बेळगावची शेवटची गाडी उभी होती, कंडक्टर ओरडत होता. चढावं आणि गप माघारी जावं, असं तिला वाटलं. जयाबाईला काय, बोट बंद होती म्हणून सांगता आलं असतं. ती बाकड्यावर बसली. आजवर तिला लोकांनी "कुणापैकी?" विचारलं, इथं विचारत होते "कुणाबरोबर?" पहिल्या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर होतं, खणखणीत होतं. या दुसऱ्याला काय सांगायचं? तीस-पस्तीस वर्षं हजारभर बायकांना ती म्हणत आली, आम्ही हाय न्हवं. आणि आज मोजायला बसली तर त्या आम्हीत एकच मुंडकं निघालं.

गाडी सुटली. ती बसूनच राहिली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि उठली. आता काहीही झालं तरी बोट चुकवायची नाही.

धक्क्यामागच्या बोळात एक जुनं लॉज होतं, राहायला आणि जेवायला एकत्र. शेवंताबाई तिथं ठसक्यात गेली. "आम्ही दोघं हाय. सायेब मागनं येत्यात, फोंड्याला काम हाय त्यांचं. खोली द्या."

जन्मात खोटं बोलली नव्हती अशातला भाग नाही. मुलगी झाली की सासूला "मुलगी लई गुणाची" असं तोंड बघायच्या आधीच सांगायची. पण एवढं मोठं खोटं, चालतं बोलतं, साहेबाएवढं, पहिल्यांदाच.

मिळाली खोली. खिडकी होती, पण तिच्यातनं भिंत दिसत होती. चालतंय म्हटलं.

दिवेलागणीला दारावर टकटक झाली. पन्नाशीचा एक वाढपी दोन ताटं घेऊन उभा होता. भात, बांगड्याची आमटी, एकेक तळलेली तुकडी, वाटीत सोलकढी. "मॅनेजर म्हणाले, दोघांचं वरच पोचव. सायेब कवा येणार?"

"येतील की. ठेवा तिथं."

वाढप्यानं तिच्याकडं एकवार बघितलं, ताटं ठेवली आणि गेला.

आता आली का पंचाईत! एक ताट तसंच परत गेलं तर मॅनेजर विचारणार. फेकावं तर कुठं, खिडकीबाहेर भिंत. आणि अन्न फेकणारी बाईच नव्हे ती. तिनं आधी आपलं ताट संपवलं. मग दुसरं पुढं ओढलं, आणि हात तसाच थांबला. हे ताट साहेबाचं. साहेब कसा दिसतो?

भीमाप्पाचा चेहरा आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. आठवेना. फोटो कुणी काढला नव्हता. एकच आठवलं, की तो जेवून उठताना ताटात एक घास ठेवायचा. त्याच्या आईला ते आवडायचं नाही, अन्न टाकू नये म्हणायची. पण तो टाकत नव्हता. सगळ्यांच्या मागनं त्याच ताटात जेवायला बसणाऱ्या बायकोला, आधी एक घास आयता मिळावा म्हणून ठेवायचा. सोळा-सतरा वर्षांची ती पोर तेवढ्यावर दिवसभर हसत असायची.

शेवंताबाई ते दुसरं ताट जेवली. पोट भरलेलं होतं, घास गिळवत नव्हता, तरी जेवली. जेवता जेवता हुंदके देऊन रडली. दार लावलेलं होतं, लाजायचं कुणाला? शेवटचा घास तेवढा तिच्यानं उचलवला नाही. तो तिनं ताटात तसाच ठेवला. मग दुसऱ्या खाटेवरची चादर मुद्दाम चुरगाळली, उशीला मधोमध बुक्की मारून खळगा केला, आणि आपल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजली.

सकाळी वाढपी चहा घेऊन आला. एकच कप होता. तिनं कपाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"सायेब पहाटंच पुढं गेले," ती घाईनं म्हणाली. "बोटीवर जागा धरायला."

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि ताटं उचलता उचलता हळूच म्हणाला, "बाई, आम्ही खानापुराकडचा. रवळू म्हणत्यात आम्हाला. तुम्ही काल काउंटरवर 'आम्ही' म्हटलासा तवा आम्ही मागंच टेबल पुसत होतो. हातात पिशवी एकच, तवाच वळखलं. आपल्याकडचं 'आम्ही' एकट्याचंच असतंय. ह्या लोकास्नी काय कळतंय? म्हणून म्हटलं, दोन ताटं तर पोचवूया, न्हाईतर मॅनेजर सोता वर आला असता."

शेवंताबाईला वाटलं, धरणी दुभंगावी. म्हणजे ते सगळं नाटक, ती चुरगाळलेली चादर, ती उशी! या माणसाला सगळं ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली.

रवळूनं ताटातला तो एक घास बघितला. "चहा घ्या, निवतोय," एवढंच म्हणाला आणि दार ओढून गेला.

बोटीवर ही झुंबड! डेकवर जो तो चटई नाहीतर चादर अंथरून जागा धरत होता. शेवंताबाई मुसंडी मारून वरच्या डेकवर कठड्यापाशी पोचली आणि तिनं आपली सोलापुरी चादर पूर्ण उलगडून अंथरली. मधोमध बसली. समोर सगळं पाणी होतं.

थोड्या वेळानं एक बाई ट्रंक, पत्र्याचे डबे आणि नवरा ओढत आली. बोलण्यावरनं आपल्याकडचीच. तिनं चादरीकडं बघितलं.

"आक्का, कितीजणं हायसा ओ तुम्ही?"

"आम्ही..." शेवंताबाई बोलून गेली आणि थांबली. साहेब चहा आणायला गेलेत, असं सांगता आलं असतं. ते जिभेवर आलंसुद्धा होतं.

"मी," ती म्हणाली. "मी एकटीच हाय."

तिच्याच कानाला तो शब्द परका वाटला. उघडा वाटला.

"एकटीच व्हय? मग हो, एवढी जागा काय करायचीय तुम्हाला?" म्हणत त्या बाईनं वाकून चादरीचं टोक दुमडलं आणि ट्रंक आत सरकवली.

जन्मभर शेवंताबाई सरकत आली होती. बारशाला अंगणात सरकली, पंगतीला कडेला सरकली, काल एका जिन्यावरनं दुसऱ्या जिन्यावर सरकली. तिनं दोन्ही हातांनी ट्रंक धरली आणि चादरीबाहेर ढकलली. दुमडलेलं टोक उलगडून, हातानं सारखं केलं.

"लागती," ती म्हणाली. "मला लागती एवढी."

भोंगा झाला. धक्क्यावरची माणसं हात हलवायला लागली, डेकवरची माणसंही हलवायला लागली. शेवंताबाईला हात हलवणारं खाली कुणी नव्हतं. ती चादरीवर बसून पाण्याकडं बघत राहिली. पलीकडनं कुणीसुद्धा ओरडत नव्हतं.